प्रकरण अकरावे : आठ झाडांची माफी

हयातीत कार्तोदिहार्जो आजोबा, सगळ्यांचे एयांग, जेमतेम सव्वापाच फुटांचे होते. ईदच्या दुसऱ्या दिवशी दारमादीच्या दिवाणखान्यात ते थेट छताला टेकले. नातवाने, म्हणजे दारमादीच्या प्रासोजोने, आजोबांचा तो प्रसिद्ध फोटो भलामोठा फलक करून आणला होता. एयांग उभे, हातात फावडं, पुढ्यात गुडघाभर रोप, मागे उघडं माळरान. केस चापून बसवलेले, बूट इतके लख्ख की फलकावरसुद्धा चमकत होते. खालच्या कोपऱ्यात प्रासोजो स्वतःही होता, रंगीत आणि नम्र. आजोबांच्या फावड्याचं पातं बरोबर त्याच्या टाळूवर आलं होतं. छापखान्यात ते कुणाला दिसलं नाही आणि घरात सांगायला कुणी पुढे आलं नाही.

दारमादीची थोरली बहीण सुमिराह दारात चपला काढता काढता थांबली आणि वडलांकडे मान वर करून बघत राहिली.

"वडलांना कुठल्या निवडणुकीला उभं केलंय?" तिने विचारलं.

"आई," तिची मुलगी निकेन दबक्या आवाजात म्हणाली, "तू घरी कबूल केलं होतंस."

"गप्प बसायचं कबूल केलं होतं. डोळे मिटून यायचं नव्हतं केलं."

"मग गप्प बस ना."

"बसते. कुठे बसू? एयांगांच्या बुटाखाली की प्रासोजोच्या हाताखाली?"

निकेनने तिला दंडाला धरून आत नेलं. सुराबायाहून ती चार दिवसांसाठी आली होती आणि त्यातले दोन बागेवरून भांडू नकोस असं आईला समजावण्यात गेले होते. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, राहते एकटी. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडली तेव्हा निकेन सात तास लांब होती. धावत आला तो प्रासोजो. ऑफिसच्या गाडीत घालून त्यानेच दवाखान्यात नेलं, रात्रभर बाकावर बसून राहिला. त्या रात्रीचे आभार निकेनने तेव्हाच मानले होते. पण प्रासोजोसारख्या माणसाचे आभार एकदा मानून संपत नाहीत, हे तिला हळूहळू कळत होतं.

आता त्या बागेबद्दल. आमच्या करांगवुंगूला बाग अशी एकच, कार्तोदिहार्जो उद्यान. तिच्यात विलायती शिरीषाची आठ झाडं, एकेकाची सावली एवढी की खाली अख्खी शाळा बसावी. मासळीगल्लीतल्या पत्र्याच्या घरांत दुपारी बारानंतर माणूस राहू शकत नाही. ती सगळी गल्ली म्हाताऱ्या, पोरंबाळं, झोळ्यांसकट त्या झाडांखाली येऊन पडते आणि ऊन उतरलं की घरी जाते. सुमिराहचंही तेच. निवृत्त झाल्यापासून तिची दुपार तिसऱ्या झाडाखालच्या बाकावर जायची. आपल्या बहुतेक नातेवाइकांपेक्षा तिला ते झाड आवडायचं आणि हे ती नातेवाइकांनाही सांगायची.

तीन वर्षांपूर्वी प्रासोजो शहराच्या उद्यानखात्याचा प्रमुख झाला आणि बागेचं नशीब उघडलं. आधी सिमेंटची हरणं आली. मग अळंबीच्या आकाराच्या कचराकुंड्या आल्या. मग सिमेंटचे ओंडके आले, त्यांवर लाकडाच्या रेघोट्या रंगवलेल्या. खऱ्या झाडाच्या मुळांना धक्का लागू नये म्हणून हे खोटे ओंडके लांब ठेवले असतील असं वाटलं होतं, पण तेवढी दयाही त्यात नव्हती. ती झाडंच आता जायची होती. त्या जागी फरशी, फरशीवर प्लॅस्टिकचं गवत, गवतावर रात्री रंग बदलणारी दिव्यांची माडाची झाडं आणि दर्शनी बाजूला पुरुषभर उंचीच्या अक्षरांत गावाचं नाव, म्हणजे कुणी आपण कुठे राहतो हे विसरला तर पंचाईत नको. करवतवाले परवा येणार होते. ईदच्या सुट्टीत निम्मं गाव बाहेर असतं आणि उरलेलं पोट धरून झोपलेलं असतं.

अडचण एकच होती. बाग सरकारची खरी, पण झाडं एयांगांनी लावलेली. गावात लहान पोरालाही ते पाठ होतं. घराण्यातल्या वडीलधाऱ्या माणसाचा आशीर्वाद नसताना त्यांना हात लावला, तर उद्या महापौरपदाला उभं राहणाऱ्या नातवाला गाव तोंड दाखवू देणार नव्हतं. आणि घराण्यात आता सगळ्यांत वडील सुमिराह होती.

स्वयंपाकघरात तिची धाकटी बहीण मूर्ती नारळाच्या रश्शात कोंबडी ढवळत होती. मूर्तीचा जेवणावळींचा धंदा होता, त्यामुळे घरचं कार्य असलं तरी ती गिऱ्हाइकाच्या घरी असल्यासारखीच वावरायची.

"म्बाक, आलात? बसा. तोंड कोरडं पडलंय तुमचं, चहा घ्या." मूर्तीने म्बाककडे, म्हणजे ताईकडे, न बघताच पेला पुढे केला.

"मागच्या महिन्यात पालिकेच्या सभेत तू काय म्हणाली होतीस?" सुमिराहने विचारलं.

"खूप काय काय म्हणते मी. मीठ बघा जरा."

"म्हणाली होतीस, आधी मला कापा, मग झाडांना. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, एक तरी आपल्या बाजूला आहे."

"म्बाक, झाडं म्हातारी झालीत. फांदी पडली एखाद्याच्या डोक्यात तर?"

"साठ वर्षांत कुणाच्या डोक्यात पडली?"

"पडू शकते ना."

"प्रासोजोच्या डोक्यात सकाळपासून फावडं पडलंय. त्याला काही झालंय का?"

मूर्तीला हसू आलं, ते तिने पळीने दाबलं. मग पळी ठेवून म्हणाली, "खरं सांगू? तिथे खाऊगल्ली होणार आहे. कोपऱ्यावरची जागा मला देतो म्हणालाय. फाटकाच्या अगदी समोरची."

"कोपऱ्यावरची."

"माझ्या गुडघ्यांनी आता लोकांच्या लग्नात उभं राहवत नाही, म्बाक. तुम्हाला पेन्शन आहे. मला काय आहे?"

सुमिराहने चहा ठेवला. "निदान दुपारी तुझ्या दुकानासमोर सावली कुठून आणणार, ते तरी त्याला विचारून ठेव," एवढंच बोलून ती मागच्या अंगणात गेली.

दारमादी तिथे होताच. घरात माणसं जमली की तो आपल्या पारव्यांच्या पिंजऱ्यांपाशी जातो, कारण पारवे त्याला मत विचारत नाहीत. दारमादीचं सगळं आयुष्य 'हो' म्हणण्यात गेलं. साखर कारखान्यात साहेबाला हो, घरी बायकोला हो, बायको गेल्यावर मुलाला हो. त्याच्या होचा अर्थ होकार असतो असं समजणारा माणूस एक तर परगावचा असायचा किंवा नव्याने कामाला लागलेला.

"दारमादी, मुलाशी बोललास?"

"हो, म्बाक."

"काय म्हणालास?"

दारमादीने पिंजऱ्यातलं पाणी बदललं. सकाळीच प्रासोजोने त्याला पढवलं होतं. सगळ्यांसमोर डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा, एयांगांचं हेच स्वप्न होतं. दारमादी त्यालाही हो म्हणाला होता. आता या दोन होंच्या मध्ये तो उभा होता आणि पारवे घुमत होते.

"म्हणजे नाही बोललास," सुमिराह म्हणाली.

"तो ऐकणारा नाही, म्बाक. मोठी माणसं आहेत त्याच्यामागे."

"तुला तो दिवस आठवतो ना? फोटोचा?"

दारमादीचा हात पिंजऱ्याच्या दारावर थांबला. दिवाणखान्यात त्याची खुर्ची कायम त्या फोटोकडे पाठ करून असायची. लोकांना वाटायचं, दाराकडचं वारं लागावं म्हणून तो तसा बसतो. "लहान होतो मी," तो म्हणाला.

"आठ वर्षांचा होतास. मला सगळं आठवतं आणि तुलाही आठवतं." तिचा आवाज जरा खाली आला. "घाबरू नको. बोलायची वेळ आलीच, तर तुझं नाव घेणार नाही. मुलगा आहे तुझा तो. तुला त्याच्याच सोबत राहायचंय."

"हो, म्बाक," दारमादी म्हणाला. यावेळी त्याने तिच्याकडे बघून म्हटलं.

आतून हाक आली. माफीची वेळ झाली होती.

ईदच्या माफीला आमच्याकडे तोड नाही. वर्षभर एकमेकांचे पाय ओढायचे आणि त्या एका दिवशी तेच पाय धरायचे. वडील माणसं खुर्चीत बसतात. धाकटी गुडघ्यांवर सरकत येतात, त्यांच्या मांडीवर कपाळ टेकतात आणि कळत नकळत केलेल्या अपराधांची माफी मागतात. वडील माणूस माफ करतं, मग आपणही धाकट्याची माफी मागतं, धाकटंही माफ करतं. कुठला अपराध, हे कुणी विचारत नाही. आजवर माफी नाकारल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही. तोंडातून शब्द आपोआप येतात, जांभईसारखे.

प्रासोजोने नेमकं तेच हेरलं होतं. सुमिराहची खुर्ची त्याने फलकाखाली, बरोबर फावड्याशेजारी ठेवली. समोर तिपाईवर कॅमेरा लावून खात्याचा फोटोग्राफर उभा होता. "घरच्या आठवणी म्हणून," प्रासोजो सगळ्यांना सांगत होता, आणि फोटोग्राफरला खालच्या आवाजात सांगत होता की आवाज नीट आला पाहिजे. भाचे-पुतण्यांनीही आपापले फोन वर धरले होते. निकेन भिंतीशी बसली. आईने एवढी दहा मिनिटं ओढून न्यावीत, एवढंच तिला हवं होतं.

आधी दारमादी आला, मग मूर्ती. मूर्ती टेकली तेव्हा जरा जास्त वेळ टेकून राहिली. मग प्रासोजो. पांढरा रेशमी सदरा, नवी कोरी काळी टोपी. दारापासून गुडघ्यांवर येण्याइतका तो नम्र होता, म्हणजे कॅमेऱ्याच्या कक्षेत आल्यापासून. त्याने सुमिराहच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"बुदे," तो मोठ्याने म्हणाला. वडलांच्या थोरल्या बहिणीला आमच्यात बुदे म्हणतात, आणि हा शब्द त्याने इतक्या लाडाने वर्षभरात उच्चारला नव्हता. "कळत नकळत तुमचं मन दुखावलं असेल, तर मला माफ करा."

"माफ केलं," सुमिराह म्हणाली. "देव तुला बुद्धी देवो."

"आणि एयांगांच्या बागेसाठी मी जे काही करतोय, त्यात काही चुकलं असेल, पुढे काही चुकणार असेल, तेही पोटात घाला. तुमचा आशीर्वाद असल्याशिवाय मी एका पानालाही हात लावणार नाही."

मूर्ती पुटपुटली, "द्या ना, म्बाक. सणाचा दिवस आहे." निकेनने मान खाली घातली. सुमिराहने मांडीवरच्या त्या डोक्याकडे बघितलं. हे डोकं तिने लहानपणी उवा काढून स्वच्छ केलं होतं. हा पोरगा तिच्या हाताचं खाऊन वाढला होता, तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला होता, आणि आता तिच्याच मांडीवर डोकं ठेवून तिला गंडवत होता. तिला रडू आलं असतं, पण कॅमेऱ्यासमोर रडणं म्हणजे त्याला आयतं चित्र देणं होतं.

"माफ केलं," ती पुन्हा म्हणाली. "पुढचंही माफ केलं."

प्रासोजोने सुस्कारा सोडला आणि उठायला लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"थांब. रीत अर्धी सोडू नये. आता माझी पाळी. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागते. आत्तापर्यंतची आणि आता जे बोलणार आहे त्याचीही. केलं माफ?"

"माफ, बुदे, माफ," सगळ्या खोलीने म्हटलं. सवयच ती. प्रासोजोने सगळ्यांत आधी म्हटलं, छातीवर हात ठेवून, कॅमेऱ्याकडे अर्धं तोंड करून.

"बरं झालं," सुमिराह म्हणाली. "ती झाडं आमच्या वडलांनी लावलेली नाहीत."

कुणीतरी हसलं आणि मग हसायचं नव्हतं हे कळून थांबलं.

"माझ्या मैत्रिणीच्या, तुकिनेमच्या आईने लावली. तिने आणि मासळीगल्लीतल्या बायकांनी. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. नदीवरून रॉकेलच्या डब्यांत पाणी आणून त्यांनी एकेक रोप जगवलं. वडील होते बांधकाम खात्यात. वरून मोठा साहेब येणार म्हटल्यावर ते शेवटच्या दिवशी फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांनी टोपी काढली, कुणाचंतरी फावडं मागितलं, फोटो काढून घेतला आणि फावडं परत दिलं. त्यांची टोपी माझ्या हातात होती. ते बूट बघा. त्या बुटांनी कुणी खड्डा खणलाय?"

सगळ्यांनी बूट बघितले. इतकी वर्षं ते तसेच चमकत होते.

"तेव्हा माझा आशीर्वाद तुला आहेच, बाळा. घेऊन जा, घरात लाव. झाडांसाठी तो चालत नाही, कारण ती आमची नाहीत. परवा करवती आणशील तेव्हा आशीर्वाद मासळीगल्लीत माग. माझ्याकडे फुकट मिळाला, तिथे मिळेल असं वाटत नाही."

प्रासोजो उठून उभा राहिला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागचा माणूस बदलला होता. "हे नको घेऊस," तो फोटोग्राफरला म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळला. "बुदेचं वय झालंय. गेल्या वर्षी पडल्यापासून असं होतं त्यांना. मीच नेलं होतं दवाखान्यात. कधीकधी काहीच्या काही बोलतात, आपण समजून घ्यायचं."

"कंबरेला लागलं होतं," निकेन म्हणाली.

"काय?"

"आई पडली तेव्हा कंबरेला लागलं होतं. डोक्याला नाही." ती भिंतीपासून उठून उभी राहिली. "तू नेलंस, रात्रभर बसलास, मी जन्मभर विसरणार नाही. पण म्हणून तिला वेडी ठरवायचा हक्क तुला मिळत नाही."

"न्दुक, पोरी, बस खाली," मूर्ती म्हणाली. पण पोरीला दटावतानाही तिची नजर एयांगांच्या बुटांवरच होती, आणि तिचा स्वतःचा चेहरा उतरला होता.

"पुरावा काय?" प्रासोजोने विचारलं. आता आवाज खात्याच्या प्रमुखाचा होता. "त्या बायका मेल्या. तुकिनेम मेली. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट, एका पोरीच्या डोक्यातली. आणि इथे फोटो आहे, सगळ्या गावाने बघितलेला." मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा चेहरा पुन्हा उजळला. "बाबा होते ना तिथे. बाबा, तुम्ही सांगा. एयांगांबरोबर तुम्ही होतात त्या दिवशी. तुम्हीच सांगत आलात लहानपणापासून."

सगळे दारमादीकडे वळले. तो आपल्या नेहमीच्या खुर्चीत होता, फोटोकडे पाठ करून. त्याच्या तोंडून काय येणार हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. फोन खाली येऊ लागले होते. सुमिराहने डोळ्यांनीच त्याला खुणावलं की राहू दे, हो म्हण आणि मोकळा हो. तिला त्याचा राग नव्हता. एका माणसाने किती जणांना नाही म्हणावं यालाही मर्यादा असते आणि दारमादीची मर्यादा शून्य होती.

दारमादी खुर्चीतून उठला. वळला आणि वडलांकडे, छतापर्यंत वर, बघत राहिला.

"म्बाक खोटं बोलते," तो म्हणाला.

"ऐकलंत?" प्रासोजो म्हणाला. "धन्यवाद, बाबा."

"टोपी तिच्या हातात नव्हती." दारमादीने आपले दोन्ही हात पुढे धरले, तळवे वर करून, काहीतरी सांभाळून धरल्यासारखे. "टोपी मी धरली होती. ती त्या बायकांबरोबर पाणी घालत होती."